अस्वलिणीची पाठ

डोंगरउतारावरच्या जंगलात एक अस्वलीण आपल्या पिल्लासह राहत असे. अस्वलिणी पिल्लांना पाठीवर बसवून हिंडतात, ठाऊक आहे ना बाळांनो? पण ही बिचारी नुकतीच मोठ्या दुखण्यातून उठली होती. पिल्लू पाठीवर चढले की तिचे पाय लटपटत. इकडे ओढा आटत चालला होता आणि पाणी उरले होते ते खिंडीपलीकडच्या डोहात. तेवढा चढ काही पिल्लाला चढवणार नव्हता. 'माझ्याच्याने झाले नाही, तर माझे लेकरू तहानेने जाईल,' या विचाराने तिचा जीव कासावीस होई.

बिबट्या म्हणाला, "मावशी, मांस खा! पालापाचोळा खाऊन कुणाला ताकद येते होय?" गव्याने नाक फेंदारले. "काहीतरीच! मी जन्मात मांसाला तोंड लावले नाही. आहे का याचा खांदा माझ्याएवढा?" अस्वलिणीने दोघांचेही ऐकून पाहिले. आधी बिबट्याची उरलीसुरली शिकार खाल्ली, मग गवत चघळले. "बळ आले की पिल्लाला उचलीन," असे म्हणत ती सावलीत पडून राही. पोट तेवढे बिघडले, बळ काही येईना. आणि पिल्लू? ते मात्र मजेत वाढत होते!

एके दिवशी तिने बिबट्याला भलेमोठे सावज तोंडात धरून झाडावर चढताना पाहिले. तो घसरे, धापा टाके, पुन्हा चढे. समोरच्या कड्यावर गवाही चाऱ्यासाठी उभा चढ चढत होता. "अगं बाई! मी नुसती यांच्या तोंडाकडेच बघत बसले. यांचे कष्ट मला दिसलेच नाहीत," ती पुटपुटली. त्या दिवसापासून ती आपली नेहमीची वाळवी, मोहाची फुले, उंबरे पोटभर खाऊ लागली आणि पिल्लाला पाठीवर घेऊन जवळच्या जांभळीपर्यंत जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी थोडे पुढे, तिसऱ्या दिवशी आणखी थोडे. पाय भरून येत, पण ती थांबली नाही. ओढ्यात नुसता चिखल उरला, तेव्हा ती पिल्लासकट खिंड ओलांडून डोहावर पोहोचली.

तिथे बिबट्या आणि गवा पाणी प्यायला आलेच होते. "माझ्या मांसाचा गुण!" "छे, माझ्या गवताचा!" दोघांची पुन्हा जुंपली. अस्वलीण हसली. "अरे, तुमचे दोघांचेही खाऊन मी आडवीच होते. मला उभे केले ते या लबाडाने. रोज थोडा थोडा जड होत गेला ना!" पिल्लाला कुठले ऐकू जायला? ते पाण्यात नाक बुडवून घटाघटा पीत होते.

तात्पर्य : अन्न झाडाचे असो की शिकारीचे, आपल्याला पचेल ते पोटभर खावे, पण अंगात बळ येते ते रोज थोडे अधिक कष्ट केल्यानेच.