जुन्या राणीचा वास

आंब्याच्या ढोलीत मोहोळ होते, त्या काळची गोष्ट. आत अंधार, म्हणून ओळख वासावरून पटे. नरमाश्यांना बाहेरच्या कप्प्यांपुरतीच मोकळीक होती. पिल्लांच्या मधाच्या कोठीत फक्त राणी जाई.

जुनी राणी वारली. तिचा कप्पा तसाच राहिला. एक खादाड नर तिथे लोळून तिचा वास अंगाला लावी आणि कोठीत शिरे. म्हातारी पहारेकरीण निमूट बाजूला होई.

पिल्ले उपाशी राहू लागली, तेव्हा नव्या राणीने विचारले, "मावशी, तो कळत नव्हता?"

"पावलांवरून कळायचा, बाईसाहेब. पण वास आला की वाटायचं, जुन्या राणीसाहेबच आल्या."

"मावशींचं नाक थकलंय!" पलीकडे उभा तो नर हसला.

"याला हाकललं, तर उद्या दुसरा लोळेल," राणी म्हणाली. "तो कप्पाच खरवडायला हवा."

"इतरांना नका सांगू. मीच करते," म्हातारी म्हणाली.

तिने जुने मेण कोपऱ्या-कोपऱ्यातून काढले, भिंतींना आणि कोठीच्या दारालाही ताजी राळ लावली.

संध्याकाळी कोठीच्या दाराशी नराची ओळखीची पावले वाजली. "कोण?"

"मीच की, मावशी."

"मग मागे फिर."

आत पिल्ले पोटभर जेवत होती. दाराला आता जुन्या राणीचा नव्हे, नुसत्या राळेचा वास होता. म्हातारी तिथेच उभी राहिली.