पुस्तकाखाली ग्रीट

“वरचा रंग खरवडला, तर खालचा चेहरा सापडेल का?” योस्टनं विचारलं.

त्यानं आणलेलं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. म्हातारे गिस्बर्ट खुर्चीतून न उठता ते पाहत होते. लायडन शहरातला नावाजलेला चित्रकार योस्ट एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

चित्र योस्टनं स्वतःचंच काढलेलं होतं. अंगात पंडितांचा काळा झगा, बाजूला पृथ्वीचा गोल आणि खांद्यामागे एक भलंमोठं उघडं लॅटिन पुस्तक. कुंचला कुठेच नव्हता. योस्टला लॅटिनचा गंध नव्हता, पण चित्रातल्या पुस्तकावर प्रश्न कोण विचारतो? विद्यापीठातले प्राध्यापक तर चित्रावर बेहद्द खूश होते.

“खाली कोण आहे?” गिस्बर्टनी विचारलं.

“ग्रीट. माझी बहीण.”

“ती तर पाट्यावर तुझे रंग वाटायची.”

“हो. आधी तिला तशीच काढली होती. माझ्यामागे, रंग वाटताना. प्राध्यापक म्हणाले, विद्वानाच्या चित्रात ही मोलकरीण कशाला? मग... मी तिच्यावर पुस्तक काढलं.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. पानांना पांढरा रंग कमी पडत होता. तो तिनंच वाटून दिला.”

योस्ट वाईट माणूस नव्हता. म्हणून तर हे सांगताना त्याचा जीव तुटत होता.

“आता कुठे असते ती?”

“गेली... गेल्या हिवाळ्यात. पांढऱ्या रंगातलं शिसं पोटात गेलं होतं, असं वैद्य म्हणाले. गुरुजी, तिचं दुसरं चित्र नाही. आणि तिचा चेहरा मला आठवत नाही. डोळे मिटले की पुस्तकच दिसतं.”

गिस्बर्ट उठले. पुस्तकाच्या पानावर त्यांनी नखानं हलकेच टकटक केली.

“हा पांढरा रंग दगडासारखा घट्ट धरतो. खरवडलास तर त्याच्यासोबत तीही निघेल.”

“म्हणजे काहीच उपाय नाही?”

गिस्बर्टनी त्याचा दंड धरून त्याला समोरच्या भिंतीकडे वळवलं. तिथे त्यांच्या गुरूंनी काढलेलं जुनं चित्र होतं. कुरणात चरणारा घोडा.

घोड्याला पाच पाय होते.

“एक पाय चुकला म्हणून गुरूंनी त्यावर गवत रंगवलं,” गिस्बर्ट म्हणाले. “मी शिकायला होतो तेव्हा चारच पाय दिसायचे. रंग जुना झाला की पारदर्शक होत जातो. खालचं आपोआप वर येतं.”

योस्टच्या जिवात जीव आला. “किती दिवसांनी?”

“या घोड्याला साठ वर्षं लागली.”

“साठ...”

योस्ट मटकन खाली बसला. त्याची चाळिशी कधीच उलटली होती.

“तोवर मी असेन कशाला, गुरुजी? मला ती आत्ता बघायची आहे. एकदाच. तिला सांगायचं राहिलंय...”

गिस्बर्टनी चित्र उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

“तिला घाई नाही.”