पैलवानाची ताकद

सभापती रणधीर खराडे म्हणजे गडहिंग्लजचे एकेकाळचे नामी पैलवान. रुबाबासाठी त्यांनी जीपला भलीमोठी, जाडजूड चाकं बसवून आणली आणि आठवड्याभरात नजमा मुजावरच्या गॅरेजवर येऊन धडकले.

"सर्व्हिसिंग तूच केलंस ना? गाडी पिकअपच घेत नाही. माझ्या इंजिनाची ताकद चोरलीस तू! उद्यापासून हे गॅरेज बंद!"

चौकात माणसं जमली. बारा वर्षांत नजमाला कुणी चोर म्हटलं नव्हतं. तिने जीपची जुनी, लहान स्टेपनी काढली आणि एक नवं चाकही खोललं.

"पैलवान, हे जुनं चाक ढकलत त्या वडापर्यंत पळा बघू."

खराडे मिशीला पीळ देत झपाट्यानं जाऊन आले.

"आता हे नवं."

ते धूड जागचं हलवतानाच त्यांना घाम फुटला. अर्ध्या वाटेत धाप लागली आणि ते थांबले.

"मघाशी तर वाऱ्यासारखे पळालात," नजमा म्हणाली. "मग एवढ्यात तुमची ताकद कुणी चोरली?"

सारा चौक खदखदून हसला. खराडे घाम पुसत पुटपुटले, "जुनी चाकं बसव."

"मोठ्यानं बोला, साहेब. मला चोर म्हणालात, ते सगळ्यांनी ऐकलंय."