एका पायाचा फिन

“हे रबराचे बोजे पायात बांधून पोवचा कशाक, आबा?”

जयवंत तांडेलने हे विचारलं, तो रोजच्यासारखाच एक मंगळवार होता. आबा मेस्त आपल्या शेडमध्ये चुलीवरच्या लोखंडी साच्याकडे बघत बसले होते. साच्यात रबर शिजत होतं.

पोहण्याचे फिन आता प्लास्टिकचे मिळतात. निळे, पिवळे, हलके. मालवणात येणाऱ्या पर्यटकांच्या पायांत तेच असतात. आबांचे मात्र अजून जुन्या घडणीचे, काळे, जाड, दोडामार्गच्या रबराचे. साचे त्यांनी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणले होते. चूल एकच, म्हणून आधी उजव्या पायाचा करायचा, तो निवला की डाव्या पायाचा. आणि ज्याच्यासाठी करायचे त्याच्या नावाचं पहिलं अक्षर टाचेत उमटवायचं.

जयवंतला या सगळ्याचं हसू यायचं. खाडी पोहण्याच्या शर्यतीत त्याला कोणी गाठू शकत नव्हतं, आणि तो पोहायचा उघड्या पायांनी.

“सांगा की. माशाक कोणी रबर घातलेला बघितलास?”

आबा काही बोलणार, एवढ्यात वाडीतला मच्छीमार सुंदर कुबल दारात येऊन उभा राहिला. एरवी तो थेट आत येऊन बसायचा. आज उंबऱ्याबाहेरच थांबला.

“आबा… दिगू वर येवक नाय.”

दिगंबर हा आबांचा मुलगा. मासेमारी बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की पाण्याखाली जाऊन ते कापायचं, हे त्याचं काम.

आबांनी ऐकलं. ते उठले नाहीत. चुलीतलं एक लाकूड तेवढं मागे ओढलं.

सुंदर उभा. जयवंत उभा. साच्याच्या फटीतून गंधकाचा वास येत राहिला…

बऱ्याच वेळाने आबांनी साचा उतरवला, उघडला. वाफाळता फिन चिमट्याने काढून खिळ्याला टांगला. हात धुतले.

“खंय हाडल्यानी तेका?”

“जेटीर.”

आबा चालू लागले. जयवंत त्यांच्या मागोमाग निघाला खरा, पण त्याच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली. पोटचा पोर गेला, आणि ह्या माणसाने रबर शिजायची वाट बघितली.

पावसाचा जोर ओसरला. नारळी पौर्णिमा झाली आणि बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. पंख्यांत पुन्हा जाळी अडकू लागली. खाली उतरायला आता कोणी नव्हतं. शेडची कडी मात्र लावलेली ती लावलेलीच होती.

एका सकाळी जयवंत आबांच्या अंगणात येऊन उभा राहिला.

“दिगूचा काम मी करतंय. माका शिकवा. फिन पण होयेत.”

“तू उघड्या पायान पोवतंस मा?”

“खालच्या ओढीत उघडे पाय चलनत नाय.”

“कोणी सांगल्यान?”

“मी खाली जावन इलंय.”

आबांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग म्हणाले, “घराक जा.”

तो गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. त्यानंतर रोजच येऊ लागला. आबा “घराक जा” म्हणत, तो अंगणातून हलत नसे.

शेवटी एकदा आबांनी माळ्यावरून स्वतःची जुनी जोडी काढली.

“हे घालून पाण्यात शिरान दाखव. मगे बघू.”

जयवंतने फिन चढवले आणि ताठ मानेने समुद्राकडे निघाला. फिनचं टोक वाळूत दुमडलं. तो तोंडावर आपटला.

जाळं विणत बसलेला सुंदर म्हणाला, “रे जयवंता, समुद्र थंय आसा. वाळू कित्या खातंस?”

जयवंत उठला. गुडघे उंच उचलून चालला. लाट फिनवर आली आणि तो पुन्हा पडला.

दुसऱ्या दिवशीही तेच. गुडघे सोलवटले. आबा सांगत नव्हते, आणि जयवंत विचारत नव्हता.

मग एका सकाळी पडल्यावर तो उठला तो पाठमोराच. तोंड किनाऱ्याकडे, पाठ समुद्राकडे. तोल सावरायला त्याने एक पाऊल मागे टाकलं. टाच आधी टेकली. फिन वाळूवरून अलगद सरकला. त्याने आणखी एक पाऊल मागे टाकलं. पाणी पोटऱ्यांना लागलं, मग मांड्यांना.

“काय दिसता?” आबांनी किनाऱ्यावरून विचारलं.

“तुमी दिसतास.”

“आणि समुद्र?”

“पाठीक आसा.”

आबा वळले आणि शेडकडे चालू लागले. जयवंत फिन हातात घेऊन त्यांच्यामागे धावला.

आबांनी कडी काढली. खिळ्यावर तो फिन तसाच होता, धूळ बसलेला. जयवंतने खाली काढला, हाताने पुसला. टाचेत अक्षर होतं… दि.

त्याने त्या अक्षरावरून बोट फिरवलं.

“त्या दिवशी साच्यात… ह्यो होतो?”

आबांनी रिकामा साचा पुसायला घेतला.

“तुमी उठलास नाय, आबा.”

“साचो चुलीर होतो.”

जयवंतने फिनमध्ये उजवा पाय घातला. आबांनी वाकून अंगठ्याने टाच दाबून पाहिली. मग ते चुलीपुढे बसले, जुनी राख बाहेर ओढली आणि लाकडं रचू लागले.

“आबा, दुसऱ्या फिनाच्या टाचेत अक्षर खंयचा घालतलास?”

आबांनी काडी ओढली. ज्योत धरेपर्यंत हात आडवा धरला.

“दिगूच्या डाव्या पायाचो करूचो रवलो हा.”