सुट्टीपुरतं पुस्तक

"आणि ते परत आलंच नाही तर, बाबा?"

खडतरे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. आमच्या हायस्कुलाचं वाचनालय सर सांभाळतात. वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि एक किल्ली. किल्ली कायम खिशात, आणि सरांचा हात कायम किल्लीवर.

तिठ्यावरच्या पाणपोईत जमालबाबा फकीर बसले होते. मी रांजण घासत होते. बारा वर्षं झाली बाबांच्या पायाशी येऊन. अजून रांजणच घासतेय. असो.

"कोण मागतंय पुस्तक?" बाबांनी विचारलं.

"नववीतली कांचन. आईबाप वीटभट्टीवर निघालेत, तिलाही नेतायत. चारला टेम्पो सुटतो. म्हणते, सर, तिकडं दोन महिने वाचायला कागदाचा कपटा नसतो. एक पुस्तक द्या."

"मग?"

"मग काय! गेल्या उन्हाळ्यात सहा पोरं भट्टीवर गेली. शाळेत परत आली चार. बाकीची दोघं म्हणाली, आता वाचताना अडखळायला होतं, लाज वाटते."

"म्हणजे काळजी पोरीची आहे."

सर रुमालानं मान पुसत राहिले...

"पोरीची आहेच. पण नऊ वर्षांत माझ्या कपाटातलं एक पुस्तक हरवलेलं नाही, बाबा. एक पान फाटलेलं नाही!"

"उघडलंच नाही तर फाटेल कशाला?" मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी गुमान रांजणात डोकं घातलं.

सव्वातीन झाले होते. सर घड्याळ बघायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. त्यांची ती उलघाल बघून मी घासलेलाच रांजण पुन्हा घासायला लागले. द्यायचं तर द्या, नाही तर नाही म्हणा, पण त्या पोरीला असं टांगून ठेवू नका! तोंडावर आलेलं गिळलं मी.

"तुमचे पेले चोरीला जात नाहीत?" सरांनी एकदम विचारलं.

"जातात. होळीला बारा होते. आता हा एक उरलाय."

"अहो, मग बांधून ठेवा की! थांबा, मी देतो बांधून."

सरांनी सुतळी शोधली आणि पेला खांबाला बांधला. गाठीवर गाठ मारली. तेवढ्यापुरता का होईना, जीव भांड्यात पडला त्यांचा.

इतक्यात एसटी थांबली. एक म्हातारी धडपडत खाली उतरली.

"पाणी द्या हो! सून दोन जिवांची आहे, गाडीत चक्कर आलीय तिला!"

तिनं पेला भरला आणि वळली. सुतळीनं हिसका दिला. सगळं पाणी पायावर सांडलं. तिनं पुन्हा भरला. तिकडं कंडक्टरनं घंटी मारली.

म्हातारीनं बाबांकडं पाहिलं. बाबा सरांकडं बघत होते.

सर गाठ सोडायला धावले. सुटते कुठली! नख तुटलं. शेवटी त्यांनी दातांनी सुतळी तोडली.

"न्या आजी, न्या! पळा!"

म्हातारी चढली आणि एसटी निघून गेली. पेलाही गेला.

सर धुरळ्यात उभे. तोंडात सुतळीचा धागा तसाच. बाबा हसले नाहीत. मीही नाही हसले. हसू येण्यासारखं काही नव्हतंच त्यात.

"साडेतीन..." सर पुटपुटले. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"देतो, बाबा. तिला पुस्तक देतो."

सुटलो एकदाचे, असं वाटलं मला. सायकलला टांग मारता मारता सर थांबले.

"एखादं जुनंपानं बघतो. पुठ्ठा निघालेलं. म्हणजे गेलं तरी जिवाला लागायला नको."

बाबांनी उठून सायकलचं हँडल धरलं.

"तसलं नको, सर. जे गेलं तर तुमच्या डोळ्याला डोळा लागणार नाही, ते द्या."