मऊ पोवळं आणि घड्याळजीचा हात

फार पूर्वीची नव्हे, घरोघरी फोन आल्यानंतरचीच गोष्ट. एका बंदराच्या गावात एक घड्याळजी राहत होता. माणूस भला, कामात वाकबगार, पण त्याचा हात म्हणून स्वस्थ बसत नसे. बंद घड्याळ तर तो उघडायचाच, पण चालू घड्याळसुद्धा ‘इतकं बरं कसं चालतंय’ हे बघायला उघडायचा. मग ते बंद पडायचं.

त्याला एकुलती एक लेक होती. तिने घरात काचेच्या पेटीत खारं पाणी भरून छोटासा समुद्र केला होता. त्यात एक मऊ पोवळं होतं. अंगठीतलं लाल टणक पोवळं नव्हे. हे जिवंत, अळंबीसारखं. वर मांसल छत्री आणि छत्रीवर डोलणारी शेकडो बारीक बोटं. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून तिने ते सहा वर्षं वाढवलं होतं.

लेकीचं लग्न झालं, ती घाटावर सासरी गेली. पेटी माहेरीच राहिली. घड्याळजी सकाळी दहाला आणि दुपारी चारला तिला फोन करी आणि विचारी, “रुळलीस का गं?”

“हो बाबा,” ती म्हणे. पण दिवसातून दोनदा हो म्हणायचं म्हणजे तिच्या जिवावर येई.

एक दिवस ती म्हणाली, “बाबा, इथे अजून करमत नाही हो. मी इथेही खाऱ्या पाण्याची पेटी मांडलीय, पण ती रिकामी आहे. आपल्या पोवळ्याचा एक तुकडा मला हवाय. आपलं काहीतरी सोबत असलं की बरं वाटेल.”

“उद्याच पाठवतो!”

“तसं नाही चालत. छत्रीच्या कडेचा तुकडा धारदार पात्याने कापा, छोट्या दगडावर ठेवून दोऱ्याने सैल बांधा. तीन आठवड्यांत तो दगडाला धरेल. न धरलेला तुकडा प्रवासात घासून सडतो. नागपंचमीला येईन तेव्हा नेईन. आणि बाबा, मधे त्याला हात लावू नका.”

नागपंचमीला पाच आठवडे होते. घड्याळजीने त्याच दिवशी चार तुकडे कापले. कापले मात्र झकास. तीन बांधले. चौथा बांधताना बोटांतून निसटला आणि पेटीतल्या खडकांच्या मागे, भिंतीकडच्या फटीत जाऊन पडला. घड्याळजीने चिमटा घातला, तार घातली, कोपरापर्यंत हात घातला.

“सोडा हो आता,” बायको म्हणाली. “तीन आहेत ना?”

नाइलाजाने त्याने तो सोडला.

चौथ्या दिवशी त्याला राहवेना. पहिला तुकडा धरला का, हे बघायला त्याने तो अलगद उचलला. केसाएवढी पकड बसली होती, ती तुटली. त्याने परत बांधला. दोन दिवसांनी परत उचलला. दहाव्या दिवशी तुकड्याचा शेंबूड झाला.

दुसऱ्याला उजेड कमी पडतोय असं वाटलं म्हणून वर नेला. तिथे जास्त वाटला म्हणून खाली आणला. मग पाणी खेळतं हवं म्हणून पंपासमोर ठेवला. तो दोऱ्यातून सुटून पंपातच गेला.

तिसरा उरला. बायकोने चिमटा धान्याच्या डब्यात लपवला. घड्याळजीने नऊ दिवस कळ काढली. चहा गार व्हायचा, गिऱ्हाइकं ताटकळायची, हा आपला काचेला नाक लावून बसलेला. दहाव्या दिवशी तुकडा मिटला आणि त्याच्यावर मेणासारखा मळकट थर चढला.

त्याने धावत फोन केला. लेक म्हणाली, “घाबरू नका, ते कात टाकतंय. आठवडाभरात थर आपोआप गळेल. थांबा फक्त.”

तो थांबला. जेवणापर्यंत! मग दात घासायचा मऊ ब्रश घेऊन त्याने तो थर हळूच पुसला. थराबरोबर खालचं मांसही निघून आलं.

आता नागपंचमीला आठ दिवस होते. नवा तुकडा कापला तरी धरायला वेळ नव्हता. एवढ्या मायेने केलं आणि पोरीच्या पदरात काहीच नाही, म्हणून घड्याळजीला अन्न गोड लागेना.

लेक आली. त्याने तिला दारातच सांगितलं, “बाळा, मी तिन्ही मारले. माझ्या हातांनी मारले.” आणि त्याचे डोळे भरून आले.

लेकीचाही चेहरा उतरला. सहा वर्षांच्या सवयीने ती पेटीपाशी बसली. बाजूच्या काचेला गाल लावून तिने खडकांच्या मागे डोकावलं आणि ओरडली, “अगं बाई, बाबा! हा कोणी लावला?”

मागच्या फटीत, एका सुट्या खड्यावर, चौथा तुकडा घट्ट बसला होता. ना दोरा, ना गाठ. सगळी बोटं उघडून तो खुशाल डोलत होता. लेकीने आपला बारीक हात घालून तो खड्यासकट बाहेर काढला.

घड्याळजीने वाकून ती फट पाहिली. मग म्हणाला, “तिथे माझा हात पोचला नाही गं.”

लेकीने त्याचा हात धरला. “बाबा, माझंही तसंच आहे. मीसुद्धा तिकडे अजून धरतेय. धरली का, धरली का म्हणून रोज दोनदा उचलून बघू नका ना.”

घड्याळजीने तुकडा न्यायला खाऱ्या पाण्याची पिशवी भरून दिली.

ती तुकडा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दहा वाजले. घड्याळजीने फोन उचलला आणि ठेवला. चार वाजता परत उचलला आणि ठेवला. सात दिवस त्याने कसे काढले, ते त्यालाच ठाऊक. त्या आठवड्यात दुकानातली पाच चांगली घड्याळं बंद पडली.

आठव्या दिवशी लेकीनेच फोन केला. “बाबा, सगळी बोटं उघडली!”

‘आणि तू?’ हे शब्द घड्याळजीच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले. “तिकडे पाऊसपाणी कसं आहे?” त्याने विचारलं.

लेक खळखळून हसली आणि सासरच्या गोष्टी अर्धा तास सांगत राहिली. शेजारणीचं नाव, बाजाराचा वार, नणंदेची खोडी, सगळं. यातलं त्याने काहीएक विचारलं नव्हतं.

तेव्हा तात्पर्य एवढंच: जे मूळ धरतंय, त्याचं पाणी स्वच्छ ठेवावं, धरलं की नाही हे बघायला त्याला उचलू नये.