साहेबांचा कप

वेळणगडच्या दरबारात चहाचा घोट घेत शाळा-तपासनीस ब्रॅडवेल साहेब म्हणाले, "महाराज, मुलींच्या शाळेतून मराठी काढून टाका. धाडकन, फाडकन, खळ्ळकन! ही भाषा आहे की भांड्यांची आदळआपट? आमच्या एकेका शब्दाला कूळ असतं."

महाराजांनी हुकुमावर सही करायला लेखणी उचलली.

मुख्याध्यापिका दमयंतीबाई उठल्या. "साहेब, तुमच्या 'स्मॅश'चं कूळ कोणतं?"

"अर्थ आणि उगम तुम्हीच सांगा. चुकलात, तर शाळेला आजच टाळं."



"सांगते. जरा डोळे मिटा."

साहेबांनी हसत डोळे मिटले. बाईंनी त्यांचाच कप उचलला आणि फरशीवर आपटला.

"काय स्मॅश झालं?" साहेब दचकून ओरडले.

"पाहिलं नाहीत, नुसतं ऐकलंत, तरी शब्द बरोबर तोंडी आला," बाई म्हणाल्या. "अर्थ फरशीवर पडलाय, उगम तुमच्या कानात आहे. आमचा 'खळ्ळकन'ही याच आवाजाच्या पोटचा. मग सख्ख्या भावंडांत एक कुलीन आणि दुसरा अडाणी कसा?"

साहेबांनी डोळे उघडले आणि फरशीवरचे कपाचे तुकडे पाहिले.

महाराजांनी लेखणी खाली ठेवली आणि साहेबांसाठी पुन्हा चहा मागवला, पितळेच्या पेल्यातून.